पत्रकावरचा ‘बाहेरचा’

निवडणूक आली की ठाण्यात आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीतल्या टपालपेट्या फुगतात. मागच्या खेपेला एकाच आठवड्यात तीन पत्रकं पडली आणि तिन्हींत ‘बाहेरचे’ हा शब्द होता. एकाला बाहेरच्यांचे लोंढे थांबवायचे होते. दुसऱ्याला घुसखोर हुसकून लावायचे होते. तिसऱ्याला भूमिपुत्रांना ऐंशी टक्के नोकऱ्या द्यायच्या होत्या. तळमजल्यावरचे काका तिन्ही पत्रकं घेऊन वर आले. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त झालेला माणूस, कागद नीट घडी घालून ठेवणारा. म्हणाले, “तू सारखं वाचत असतोस, सांग बघू, यातलं खरं कोण बोलतंय?”

“काका, तिघं तीन वेगळ्या माणसांबद्दल बोलतायत,” मी म्हटलं. “खरंखोटं त्यानंतर बघू.”

उमेदवाराची स्थलांतराबाबतची भूमिका तपासताना पहिली अडचण इथेच येते. ‘बाहेरचा’ या एका शब्दात किमान तीन माणसं दडपून बसवलेली असतात. पहिला आपल्याच राज्यातला, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला. वाशीच्या बाजार समितीत पोती उचलणारे माथाडी घ्या. कोपरखैरणे, घणसोलीत राहणारी ही मंडळी बरीचशी साताऱ्या-सांगलीकडची. दुसरा परराज्यातला, पण भारताचाच नागरिक. तिसरा परदेशी. त्यातही व्हिसावर आलेला वेगळा, व्हिसा संपूनही राहिलेला वेगळा आणि सीमा चोरून ओलांडलेला वेगळा. या तिघांना लागू होणारे कायदे वेगळे, त्यांच्याबाबत निर्णय घेणारी कार्यालयं वेगळी. पत्रकात मात्र तिघांचा चेहरा एकच.

जनगणनेची व्याख्या तर आणखी रुंद आहे. ज्याचं आधीचं राहण्याचं ठिकाण दुसरीकडे होतं तो प्रत्येक जण तिच्या हिशेबी स्थलांतरित. २०११ च्या जनगणनेत असे सुमारे ४५ कोटी लोक निघाले. त्यातले बहुसंख्य आपापल्या राज्यातच हललेले, आणि बायकांच्या बाबतीत सर्वांत मोठं कारण लग्न. हे ऐकून काका हसले. “म्हणजे आमची हीसुद्धा? चिपळूणहून आलेली?” हो, काकूसुद्धा.

आणि ‘स्थानिक’ कोण, हेही उभ्या असलेल्या जागेवरून ठरतं. नवी मुंबईत हा प्रश्न बेलापूरच्या एखाद्या आगरी किंवा कोळी म्हाताऱ्याला विचारा. १९७० मध्ये नवं शहर वसवणारी सिडको ही सरकारी कंपनी आली, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन गेली. १९८४ च्या जानेवारीत त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच माणसं गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पदरात पडली. त्या म्हाताऱ्याच्या दृष्टीने नेरूळच्या टॉवरमध्ये राहणारा पुण्याचा इंजिनिअर आणि गोरखपूरचा वॉचमन दोघेही बाहेरचेच. ठाण्याचंही तसंच. २००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली आणि तो देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला. २०१४ ला पालघर वेगळा झाला ते त्याचमुळे. ही सगळी वाढ काही इथल्या पाळण्यांतून झालेली नाही.

आता राज्यघटना. अनुच्छेद १९ प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा, कुठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा आणि कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क देतो. या हक्कांवर सार्वजनिक हितासाठी वाजवी बंधनं घालता येतात, पण ‘तो दुसऱ्या राज्यातला आहे’ एवढं कारण पुरत नाही. म्हणून ‘परप्रांतीयांचे लोंढे थांबवू’ असं कुणी म्हणालं की विचारायचं, कुठे थांबवणार? खारेगावच्या नाक्यावर की ठाणे स्टेशनच्या फलाटावर? आंतरराज्य स्थलांतर हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत संघ सूचीत आहे, नोंद क्रमांक ८१. नागरिकत्व आणि परदेशी नागरिक १७ वर, देशात येऊ देणं आणि बाहेर काढणं १९ वर. तिन्ही दिल्लीच्या अखत्यारीत.

यावरून काकांना एक युक्ती सांगितली. पत्रकातल्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने लिहायचं, हे काम कुणाचं? दिल्ली, मंत्रालय की पाचपाखाडी? (ठाणे महापालिकेचं मुख्यालय पाचपाखाडीत; नवी मुंबईकरांनी बेलापूर लिहावं.) मग उमेदवार कुठल्या खुर्चीसाठी उभा आहे ते बघायचं. नगरसेवकपदाचा उमेदवार देशाच्या सीमा बंद करायला निघाला असेल तर त्याची भूमिका कडक आहे की मवाळ, हा प्रश्नच येत नाही. ते काम त्याच्या टेबलावर कधी येणारच नाही.

महापालिकेच्या टेबलावर काय येतं, ते कंटाळवाणं वाटेल पण खरं तिथेच आहे. फेरीवाले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहरात फेरीवाला समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे हवेत, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हायला हवं, आणि शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायला हवं. स्टेशनबाहेरच्या गर्दीवर चिडलेल्या माणसाने उमेदवाराला विचारावं ते सर्वेक्षणाबद्दल आणि समितीबद्दल. दुसरी गोष्ट जन्मनोंदणी. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा झाला आहे. वर्ष उलटून गेल्यावर केलेल्या नोंदणीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. अशा उशिराच्या दाखल्यांत गैरप्रकार झाल्याच्या तक्रारींवरून २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने ते देणंच काही काळ थांबवलं होतं. घुसखोरीबद्दल खरंच काळजी असलेल्या नगरसेवकाला करण्यासारखं काम आहे ते हे, नोंदवह्या स्वच्छ ठेवण्याचं. त्यावर घोषणा देता येत नाही, ही त्याची अडचण.

दुसऱ्या पत्रकातल्या घुसखोरांकडे वळू. इथे जरा थांबावं लागेल, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत.

बेकायदा घुसखोरी हा खराखुरा गुन्हा आहे आणि ठाण्यात तो काही ऐकीव विषय नाही. २०२५ च्या जानेवारीत मुंबईत एका अभिनेत्यावर झालेल्या चाकूहल्ल्यातला आरोपी घोडबंदर रोडलगत, कासारवडवलीकडे मजुरांच्या वस्तीजवळ सापडला आणि तो बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्याच वर्षी केंद्राने १९४६ चा परदेशी नागरिक कायदा आणि आणखी तीन जुने कायदे गुंडाळून आप्रवासन आणि परदेशी नागरिक कायदा आणला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. पासपोर्ट-व्हिसाशिवाय शिरलेल्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, खोट्या कागदपत्रांसाठी दोन ते सात वर्षं. तेव्हा ‘कायदाच नाही, मी आणतो’ असं कुणी म्हणत असेल तर त्याने कायदा वाचलेला नाही.

अडचण आहे ती ओळखण्याची. आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्यातच लिहिलेलं आहे. अर्ज करण्याआधीच्या वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळू शकतं. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणून कुणी नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर सांगितलं. मग नागरिक कोण? ‘भारतात जन्मला तो भारतीय’ हे उत्तर अपुरं आहे. १ जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. त्या तारखेपासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्याचे आई किंवा वडील, दोघांपैकी एक तरी नागरिक हवेत. त्यानंतर जन्मलेल्याचे दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा आलेला नसावा. काकांनी मनातल्या मनात आपल्या नातवाचा हिशेब केला. कागद सगळे होते. पण स्वतःचा जन्मदाखला काकांकडे नाही, शाळा सोडल्याचा दाखला आहे. तो काढायला गावी दोन फेऱ्या झाल्या होत्या.

नागरिकत्व सिद्ध करण्याचा भार संशयितावरच असतो. जुन्या कायद्यात होता, नव्यातही आहे. मात्र २०२४ मध्ये आसामच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की आधी संशयाला काही आधार हवा, कुणालाही उचलून ‘सिद्ध कर’ म्हणता येणार नाही. आणि सापडल्यावर पुढे काय? पोलीस राज्याचे, पण हद्दपारीचा मूळ अधिकार केंद्राचा. तो केंद्राने राज्यांकडे सोपवलेला. संशयित सांगतो त्या जिल्ह्यातून खातरजमा करायची, गुन्हा असेल तर खटला चालवायचा, तो ज्या देशाचा म्हणून सांगितला जातो त्या देशाने त्याला आपला म्हणायचं, मग सीमेवर सोपवायचं. यातली एक पायरी गाळली तर काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यात दिसलं. जून २०२५ मध्ये मीरा रोडला काम करणाऱ्या एका गवंड्याला बांगलादेशी समजून सीमेपार ढकलण्यात आलं. तो पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा, म्हणजे भारताचाच निघाला. काही दिवसांत त्याला परत आणावं लागलं. वर सांगितलेल्या चाकूहल्ल्याच्या प्रकरणातही आधी छत्तीसगडमधल्या दुर्ग स्टेशनवर भलताच माणूस ताब्यात घेतला होता. त्याला सोडलं खरं, पण तोवर त्याचा फोटो घरोघरी पोचला होता.

म्हणून ‘घुसखोर हाकलू’ म्हणणाऱ्या उमेदवाराला माझा पहिला प्रश्न ‘किती दिवसांत’ हा नसतो. चुकीचा माणूस धरला गेला तर काय करणार, हा असतो. ज्याने विषयाचा अभ्यास केलाय त्याच्याकडे याचं उत्तर असतं. आणि ‘कुणालाच हात लावू देणार नाही’ म्हणणाऱ्यालाही तेवढ्याच खडखडीतपणे विचारावं, खोटा दाखला विकणाऱ्या दलालाचं काय करणार?

आणखी एक खाचखळगा. ‘सगळे घुसखोर’ म्हणताना उमेदवाराच्या मनात कोण आहे? २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना बेकायदा स्थलांतरितांच्या व्याख्येतून वगळून नागरिकत्वाचा रस्ता मोकळा केला. नियम आले ते थेट मार्च २०२४ मध्ये. ठाणे जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. तिथल्या उमेदवाराची सभा आणि मुंब्र्यातल्या उमेदवाराची सभा, पक्ष एकच असला तरी, शेजारी शेजारी ठेवून ऐका. भूमिका बदलते का ते तिथे कळतं.

भूमिका बदलण्यावरून आठवलं. उमेदवाराचं भाषण आणि पक्षाचं मतदान यांत फरक पडला तर मतदान खरं धरावं. पक्षादेश मोडला तर १९८५ पासून सदस्यत्व जाऊ शकतं, त्यामुळे खासदाराचं वैयक्तिक मत लोकसभेत फारसं उरत नाही. याच नागरिकत्व दुरुस्तीवर ९ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत ३११ विरुद्ध ८० अशी मतं पडली. तेव्हाच्या एकसंध शिवसेनेने बाजूने मत दिलं आणि दोन दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. काँग्रेसने विरोध केला. पण २००३ मध्ये राज्यसभेत बांगलादेशातून छळामुळे आलेल्या अल्पसंख्याकांबाबत उदार धोरण ठेवावं, असं विरोधी पक्षनेते म्हणून मनमोहन सिंगच म्हणाले होते. कुणाला हिणवायला सांगत नाही. मत बदलणं गुन्हा नाही, फक्त का बदललं हे उमेदवाराला सांगता आलं पाहिजे.

आकडे ऐकले की मात्र कान टवकारा. देशात किती बांगलादेशी बेकायदा राहतात? २००४ मध्ये केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनी संसदेत १ कोटी २० लाख सांगितले, आणि आसामबद्दलचा आकडा ऐकीव माहितीवर होता म्हणून मागे घेतला. २०१६ मध्ये दुसऱ्या पक्षाच्या सरकारच्या गृहराज्यमंत्र्यांनी २ कोटी सांगितले. चोरून आलेल्यांची मोजदाद नीट होत नाही, हे सरकारही वेळोवेळी मान्य करतं. तेव्हा ‘आपल्या प्रभागात एवढे हजार’ असं कुणी छातीठोकपणे म्हणालं तर ते मोजले कुणी, एवढंच शांतपणे विचारावं.

राहिले तिसऱ्या पत्रकातले ऐंशी टक्के. काकांचा जीव इथे अडकला होता, कारण त्यांचा धाकटा मुलगा महापे एमआयडीसीत कंत्राटावर आहे.

ऐंशी टक्क्यांची गोष्ट नवी नाही. राज्य सरकारच्या २००८ च्या शासन निर्णयात पर्यवेक्षकीय पदांवर ५० टक्के आणि इतर पदांवर ८० टक्के स्थानिक घ्यावेत असं आहे. स्थानिक म्हणजे राज्यात १५ वर्षं वास्तव्य असलेला. हे नीट वाचा: पंधरा वर्षांपूर्वी आझमगढहून आलेला माणूस या व्याख्येत स्थानिक आहे, त्याने मराठीत बोलावं की नाही हा वेगळा विषय. शिवाय ही सवलतींशी जोडलेली प्रशासकीय अट आहे, दंडुका असलेला कायदा नव्हे. कायदा करून पाहिला तो हरियाणाने. महिना ३० हजारांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक, जानेवारी २०२२ पासून लागू. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने जुलै २०२४ मध्ये तसंच विधेयक मंजूर केलं आणि उद्योगांनी ओरड करताच दोन दिवसांत बाजूला ठेवलं. सरकारी नोकरीतली रहिवासाची अटसुद्धा घटनेच्या अनुच्छेद १६ नुसार फक्त संसद घालू शकते.

म्हणजे विषय संपला का? नाही. आमदारकीच्या उमेदवाराला विचारण्यासारखं इथे बरंच आहे. महाप्यातली कंपनी माणसं स्वतः घेते की कंत्राटदारामार्फत? तो कंत्राटदार परवानाधारक आहे का, किमान वेतन देतो का, भविष्य निर्वाह निधी भरतो का? बाहेरून आणलेला मजूर स्वस्त पडतो तो बहुतेकदा कायदा मोडल्यामुळे. तसा कायदा १९७९ मध्येच झाला होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली): परराज्यातून मजूर आणणाऱ्या कंत्राटदाराने परवाना काढायचा, मजुरांच्या नोंदी ठेवायच्या, प्रवासभत्ता द्यायचा. २०२० च्या टाळेबंदीत त्या नोंदी किती नीट ठेवल्या होत्या ते सगळ्यांनी पाहिलं. नाशिक महामार्गावरून माणसं चालत निघाली होती. मेच्या सुरुवातीला सुटलेल्या पहिल्या श्रमिक गाड्यांपैकी एक भिवंडीहून गोरखपूरला गेली, तेव्हा भिवंडीचे यंत्रमाग बंद पडलेले होते. माझ्या मते स्थानिक तरुणाच्या नोकरीची खरी लढाई कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आहे. परराज्यातल्या मजुराला पूर्ण पगार द्यावा लागला की तो स्वस्त राहत नाही, आणि काकांच्या मुलाला त्याच्याशी पगार कमी करून स्पर्धा करावी लागत नाही. हे पत्रकावर छापून मतं मिळतील का, ठाऊक नाही.

माझा कल या लिखाणात दिसत असेल, तो लपवत नाही. पण भाषेची, गर्दीची, आपलंच शहर परकं वाटण्याची चिडचीड खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ती इथे जुनी आहे. १९६६ मध्ये शिवसेना निघाली तेव्हा रोख दाक्षिणात्यांवर होता, आणि पुढच्याच वर्षी तिला पहिली सत्ता मिळाली ती ठाण्याच्या नगरपालिकेत. आज उडप्याकडचा डोसा ठाणेकराला मिसळीइतकाच आपला वाटतो. दुकानाची पाटी मराठीत हवी, रिक्षावाल्याला मराठी कळावं, शाळेत मराठी नीट शिकवली जावी या मागण्या कुणाला न हाकलताही करता येतात. त्यातल्या बऱ्याचशा मंत्रालयाच्या किंवा पाचपाखाडीच्या हातात आहेत, म्हणून तर त्यांबद्दल उमेदवाराला धारेवर धरता येतं.

काकांचा थोरला मुलगा न्यू जर्सीत आहे. तिकडच्या निवडणुकीत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरून काय चाललंय, याच्या बातम्या काका रोज वाचतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, त्या रात्री त्यांना झोप नव्हती. या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींना जोडल्या की नाही, मी विचारलं नाही. ते त्यांचं त्यांनी बघावं.

दोन दिवसांनी काकांनी पत्रकं परत आणून दाखवली. पेन्सिलीच्या बारीक अक्षरात प्रत्येक वाक्यापुढे शेरा होता. नगरसेवकपदाच्या उमेदवाराच्या पत्रकात नऊ वाक्यं. सहांपुढे ‘दिल्ली’, एकापुढे ‘मंत्रालय’, एकापुढे नुसतंच प्रश्नचिन्ह. ‘पाचपाखाडी’ एकाच वाक्यापुढे, फेरीवाल्यांच्या. रविवारी प्रचारफेरी आमच्या गेटाशी आली तेव्हा काकांनी तेवढंच विचारलं: फेरीवाल्यांचं सर्वेक्षण शेवटचं कधी झालं, आणि समितीची बैठक कधी? उमेदवाराने मागे वळून कार्यकर्त्याकडे पाहिलं. कार्यकर्त्याने फोन काढला, काकांचा नंबर लिहून घेतला आणि ढोल पुन्हा वाजायला लागला. काका अजून फोनची वाट बघतायत.